माझी नाय ती

“माझी नाय ती. खरंच माझी नाय.”

तिला कोणी काही विचारलं नव्हतं. तरी तिनं उत्तर दिलं, आणि तेही दोनदा.

२०२५ च्या एप्रिलचा शेवटचा आठवडा. पनवेलहून ठाण्याला येणारी संध्याकाळची लोकल, बायकांचा डबा. मी बेलापूरला चढते. जुईनगरपर्यंत आमच्या चौघी-पाचजणींना एकमेकींच्या आसपास जागा मिळते आणि मग ठाणं येईपर्यंत गप्पा चालतात. त्या आठवड्यात गप्पांना विषय एकच होता. पहलगामच्या हल्ल्याला आठवडाही उलटला नव्हता. आमच्यातली एक डोंबिवलीची. त्या हल्ल्यात गेलेल्या तिघांची पार्थिवं आली त्या संध्याकाळी ती भागशाळा मैदानावर गेली होती. घोषणा देऊन बसलेला तिचा आवाज अजून सुटला नव्हता, आणि त्या घोगऱ्या आवाजात ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, “एकदाचा काय तो सोक्षमोक्ष लावून टाका.” नेरुळच्या रुग्णालयात नर्स असलेली मैत्रीण म्हणाली, “लढाईनं हे संपत असतं तर कधीच संपलं असतं गं. लढायांनी नवेच तयार होतात.” मी डोंबिवलीच्या बाजूनं तावातावानं बोलले. म्हटलं, “गप्प बसून तरी काय मिळालं? २६/११ नंतर गप्पच बसलो होतो ना आपण? दर वेळी आपलीच माणसं मोजायची का?” पलीकडच्या बाकावरच्या अनोळखी बायकांनीही माना डोलावल्या. मला बरं वाटलं.

तुर्भ्याला गर्दी चढली. मार्केटमधून आलेल्या बायकांच्या पिशव्यांतून कैऱ्यांचा वास येत होता, त्यात कुणाच्या तरी गजऱ्यातला दिवसभराचा सुकलेला मोगरा मिसळला होता. डोक्यावरचा पंखा फिरत होता पण वारा खाली पोचत नव्हता. कोपऱ्यात खिडकीशी बुरख्यातली एक बाई बसली होती, मांडीवर दोन-तीन वर्षांचं झोपलेलं पोर. तिनं पोराची गळालेली चप्पल उचलायला हात खाली घातला आणि तशीच वाकलेली राहून तिनं विचारलं, “ही पिशवी कुनाची?”

लोकलमध्ये हा प्रश्न आला की पुढे काय होतं, ते ठाण्या-मुंबईत राहणाऱ्या कुणाला सांगायला नको. बोलणं तुटतं. प्रत्येकीचा हात आधी स्वतःच्या पिशवीकडे जातो. आपली आपल्यापाशी आहे याची खात्री झाली की मग नजर वर येते. निळी, रेक्झिनची, अर्धी चेन उघडी राहिलेली पिशवी बाकाखाली होती. “कोणाची आहे?” “ए, कोणाची आहे बघा गं.” कोणाचीच नव्हती. आणि मग सगळ्या नजरा जिथं गेल्या तिथं त्या गेल्या. जिनं पिशवी दाखवली, जिचं पोर त्या पिशवीपासून हातभर अंतरावर झोपलं होतं, तिच्याकडेच. तेव्हा ती म्हणाली, माझी नाय ती. बोलणं आमच्या रायगडातलं. माझ्या आजीच्या तोंडचं.

दारात उभी असलेली कॉलेजची मुलगी कानातल्या गाण्यातून जागी झाली, वळली आणि ओरडली, “अय्या, माझीये!” पिशवीत पांढरा एप्रन होता, डबा होता, एक जाडजूड जर्नल होतं. तिला सगळ्यांनी रागे भरलं. मग सगळ्या हसल्या, मोठ्यानं, सुटल्यासारख्या. कोपऱ्यातली बाई हसली नाही. तिनं पोराला चप्पल घातली आणि बाहेर बघत राहिली. ऐरोलीच्या खाडीवर अंधार उतरत होता.

सगळ्यांत आधी माझेच डोळे तिच्याकडे वळले होते.

बाकाखाली बघण्याची सवय मला २००३ पासूनची आहे. १३ मार्च. रात्री साडेआठच्या सुमारास कर्जत लोकल मुलुंड स्टेशनात शिरताना बायकांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यात स्फोट झाला, दहा-बारा जण गेले. मी त्याच्या मागच्या गाडीत होते. वीस वर्षांची, माटुंग्याहून कॉलेज आणि क्लास आटोपून परतणारी. भांडुप सोडल्यावर गाडी थांबली ती थांबलीच. कोणाकडे फोन नव्हता, म्हणजे डब्यात एक-दोघींकडे असेल, पण तो लागत नव्हता. पुढे काहीतरी झालंय एवढंच कळलं. अर्ध्या-पाऊण तासानं बायका एकमेकींचे हात धरून खडीत उतरल्या. रुळांवरून बाहेर आलो आणि एलबीएस मार्गानं चालत सुटलो, ठाण्याच्या दिशेनं, मिरवणूक निघावी तसे शेकडो लोक, पण आवाज नाही. मुलुंड चेक नाक्यावर बाबा सायकल घेऊन उभे होते. ते वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात फिटर होते, किसननगरला आमची खोली. टीव्हीवर बातमी बघून ते तसेच निघाले होते आणि रस्त्यावरच्या प्रत्येक मुलीचं तोंड बघत उभे होते. मी दिसल्यावर ते एक शब्द बोलले नाहीत. माझ्या खांद्यावरची पिशवी काढून त्यांनी सायकलच्या हँडलला अडकवली आणि आम्ही घरापर्यंत चालत गेलो. सायकल असूनही दोघं चालतच होतो, हे मला फार नंतर लक्षात आलं.

बरोबर एका आठवड्यानं, २० मार्चला, बगदादवर बॉम्ब पडायला लागले. आमच्या चौदा इंची टीव्हीवर रात्रीचं बगदाद हिरव्या उजेडात दिसत होतं. बाबा चहाचा कप घेऊन पुढे बसले होते. म्हणाले, “बरं झालं. एकदाचा बंदोबस्त होईल.” मलाही तसंच वाटलं होतं. मुलुंडच्या डब्यातल्या बॉम्बचा बगदादशी काडीचा संबंध नव्हता. न्यूयॉर्कच्या हल्ल्याचाही नव्हता. सद्दामचा त्या कटात हात असल्याचा पुरावा अमेरिकेच्याच चौकशी आयोगाला सापडला नाही, आणि ज्या शस्त्रांच्या नावानं सैन्य आत घुसलं ती शस्त्रंही सापडली नाहीत. पण आम्हाला त्या आठवड्यात संबंध नको होता. कोणीतरी कुठेतरी काहीतरी करतंय, एवढं पुरे होतं. चेक नाक्यावर उभं राहून ज्या माणसानं शेकडो मुलींच्या चेहऱ्यांत आपली मुलगी शोधली, त्याला तेवढा दिलासा मिळाला याबद्दल मी आजही बाबांना दोष देत नाही.

दोनएक महिन्यांनी पेपरात आलं की अमेरिकेनं नेमलेल्या प्रशासनानं इराकचं सैन्य बरखास्त केलं. तारीख २३ मे. लाखो माणसं एका हुकमानं घरी बसली. बाबांनी वागळे इस्टेटमधली टाळेबंदी पाहिली होती, कामावरून काढलेले मित्र दुपारच्या वेळी नाक्यावर कसे बसून असतात ते रोज पाहिलं होतं. त्यांनी ती बातमी दोनदा वाचली. “पगार बंद केला, आणि बंदुका?” एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी अल कायदाची इराकमधली शाखा उभी राहिली, २००३ आधी जी तिथं नव्हती. तिचा म्होरक्या झरकावी २००६ मध्ये हवाई हल्ल्यात मारला गेला, संघटना मेली नाही. अमेरिकेच्या बुक्का नावाच्या छावणीत हजारो कैदी एकत्र डांबले होते. २००४ साली त्यांतच काही महिने बगदादी नावाचा एक माणूस होता. तो सुटला. पुढे तीच संघटना त्याच्या हाती आली आणि इस्लामिक स्टेट म्हणवू लागली. दहा वर्षांनी, जून २०१४ मध्ये, त्याच्या माणसांनी मोसुल घेतलं.

आणि त्याच उन्हाळ्यात कल्याणच्या चार मुलांची बातमी आली.

यात्रेकरूंबरोबर इराकला गेले आणि तिथून नाहीसे झाले. एक जण पनवेलला इंजिनिअरिंग शिकणारा. तो नोव्हेंबरमध्ये परत आला तेव्हा त्याला अटक झाली. मला ती सकाळ आठवते. रविवार असावा, कारण बाबा घरी खुर्चीत पेपर धरून बसले होते आणि मी पोह्यांना फोडणी देत होते. त्यांनी हाक मारून मला बातमी दाखवली. कल्याण म्हणजे आम्हाला मावशीचं घर, दुर्गाडीचा किल्ला, लग्नाच्या खरेदीला जायचं गाव. “एवढ्या लांबून?” बाबा म्हणाले. तो प्रश्न त्यांनी नक्की कशाला उद्देशून विचारला ते मी तेव्हा विचारलं नाही, आणि आता ते नाहीत. मी माझा अर्थ लावते. अकरा वर्षांपूर्वी आम्ही चहा पीत जी आग बघितली होती ती एवढ्या लांबून चालत कल्याणपर्यंत आली. त्या चौघांनी जे केलं ती त्यांची निवड होती. त्यांच्याच गल्ल्यांत वाढलेल्या हजारो मुलांनी ती केली नाही, आणि त्या मुलांच्या आयांनी त्या वर्षी घरात काय भोगलं असेल ते मला त्या पिशवीच्या संध्याकाळनंतर थोडंसं कळतं. पण जाण्यासाठी एक जागा तयार झाली होती, ती त्या लढाईनं केली होती.

एवढं मी नर्सबाईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बघ, मी हेच सांगत होते. पण मन एवढ्यावर ठरत नाही. कारण तीच इस्लामिक स्टेट संपली ती लढाईनंच. २०१७ च्या जुलैत मोसुल परत घेतलं, मार्च २०१९ मध्ये सीरियातलं बाघूझ हे शेवटचं गाव पडलं. बाजार भरवून बायका विकणाऱ्या त्या राज्याला चर्चेला बसवता आलं असतं असं मला कोणी सांगितलं तर मी ऐकणार नाही. श्रीलंकेचंही तेच. तमिळ वाघांच्या प्रभाकरनशी किती वेळा बोलणी झाली, किती वेळा शस्त्रसंधी झाला, शेवटी मे २००९ मध्ये लष्करानंच ते संपवलं. पण त्या शेवटच्या महिन्यांत किनाऱ्याच्या एका पट्टीत कोंडलेले किती तमिळ लोक मेले असतील? संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी ४०,००० पर्यंतचा आकडा सांगितला. आणि त्याआधी आपणही तिथं सैन्य पाठवलं होतंच, १९८७ ते १९९०. हजारावर जवान आपण गमावले आणि १९९१ च्या मेमध्ये श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधी. लढाईनं दहशतवाद वाढतो की कमी होतो, असं विचारलं तर त्या एका बेटावर दोन्ही उत्तरं सापडतात, वीस वर्षांच्या अंतरानं.

आमच्या घरात या प्रश्नाचं एक कात्रणही आहे. बाबांचं गाव अलिबागजवळ. जनरल अरुणकुमार वैद्य अलिबागचे, म्हणून बाबांना त्यांचा नात्यातल्या माणसासारखा अभिमान. १९८४ च्या जूनमध्ये सुवर्णमंदिरात सैन्य गेलं तेव्हा लष्करप्रमुख तेच होते. १० ऑगस्ट १९८६ ला, निवृत्तीनंतर, पुण्यात स्वतःची गाडी चालवत घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या. मी तीन वर्षांची होते, मला काही आठवत नाही. पण ट्रंकेत, रेशनकार्डाच्या खाली, घडीवर फाटलेलं ते कात्रण अजून आहे. आई सांगते, त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. मंदिरात घुसून बसलेले हत्यारबंद लोक त्या कारवाईत मारले गेले, हे खरं. आणि त्यानंतर इंदिरा गांधी, मग दिल्लीत गळ्यात टायर घालून जाळलेले शीख, मग १९८५ ला समुद्रावर फुटलेलं कनिष्क विमान, ३२९ माणसं, मग वैद्य. पंजाब शांत व्हायला नव्वदीचं दशक उजाडलं, आणि तो शांत झाला तो रणगाड्यांनी नाही. पोलिसांनी केला, तेही हात स्वच्छ ठेवून नव्हे, आणि गावांनीच अतिरेक्यांना भाकरी द्यायचं बंद केलं म्हणून झाला.

त्या संध्याकाळनंतर मी रात्री बसून पुष्कळ वाचलं. अमेरिकेतल्या रँड संस्थेनं २००८ साली एक हिशेब मांडला होता. १९६८ ते २००६ या काळातल्या ६४८ दहशतवादी संघटना त्यांनी घेतल्या आणि त्यांतल्या ज्या २६८ संपल्या त्या कशा संपल्या ते पाहिलं. ४३ टक्के राजकारणात आल्या. ४० टक्के पोलिसांनी आणि गुप्तवार्ता खात्यांनी मोडल्या. १० टक्के जिंकल्या, हवं ते मिळवून थांबल्या. लष्करी बळानं संपलेल्या फक्त ७ टक्के. मी ते आकडे वहीत लिहून ठेवले, दुसऱ्या दिवशी डब्यात सांगायचे म्हणून. सांगितले नाहीत. समोर डोंबिवली बसली होती. आणि मलाही त्यात एक गोष्ट टोचत होती. ज्या संघटनेच्या मागे शेजारचं लष्करच उभं आहे, तिला आपल्या राजकारणात कुठून आणायचं? आपल्या पोलिसांनी पकडायचं तर ते पाकिस्तानातल्या मुरीदकेला कसे जाणार? आपला प्रश्न त्या ७ टक्क्यांहून वेगळा आहे असं मला आजही वाटतं. फक्त तो किती वेगळा आहे हे मला तेव्हा वाटत होतं तेवढं सोपं राहिलेलं नाही.

७ मेच्या पहाटे आपल्या सैन्याचा सीमेपलीकडे नऊ ठिकाणी मारा झाला. सकाळी उठल्यावर कळलं आणि मला आनंद झाला. तो आनंद मी लपवणार नाही. छातीवरचं काहीतरी उतरलं. त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाचा सराव होता. आमच्याकडे उरण, तारापूर, मुंबई अगदी वरच्या यादीत. टीव्हीवर भोंगा वाजला आणि आई उठून आतल्या खोलीत गेली. बराच वेळ आली नाही म्हणून बघायला गेले तर तिनं पुस्तकांना घालायच्या खाकी कागदाचा गुंडाळा काढला होता आणि खिडकीच्या काचेला लावून माप घेत होती. १९७१ च्या डिसेंबरात ती तेरा वर्षांची होती, नौपाड्यातल्या चाळीत. खळ करून काचांना कागद चिकटवायचं काम भावंडांत तिच्याकडे असे. “एका फटीतून उजेड गेला तरी खालून वॉर्डन ओरडायचा,” ती म्हणाली. मग काच पुसत म्हणाली, “ती लढाई होती. तेव्हा समोरचा कोण ते माहीत होतं.” मी तिच्या हातून कागद घेतला आणि गुंडाळून ठेवला. इमारतीबाहेर नेहमीसारखी रिक्षांची रांग होती, कोणी आंबे विकत होतं.

दुसऱ्या दिवशी गाडीत डोंबिवलीनं पेढे आणले होते. मी घेतला. चांगला होता, केशराचा. नर्सबाईनंही घेतला, नाही म्हणाली नाही. डबा फिरून परत तिच्यापाशी आला तेव्हा तो बंद करता करता डोंबिवली त्याच घोगऱ्या आवाजात म्हणाली, “पण ज्यांनी गोळ्या घातल्या ते सापडले का गं?”

कोणीच काही बोललं नाही. सापडले नव्हते.

१० मेला तोफा थांबल्या. तोवर सीमेवरच्या पूंछमध्ये घरांवर गोळे पडून माणसं गेली होती, मुलं गेली होती. त्यांची नावं आमच्या डब्यात कोणी घेतली नाहीत, मीही नाही. मग पाऊस आला, शाळा सुरू झाल्या, विषय बदलले. आणि जुलैच्या शेवटी आठवडाभरात दोन बातम्या आल्या. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयानं ११ जुलै २००६ च्या रेल्वे स्फोटांच्या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. अकरा मिनिटांत सात स्फोट, १८९ माणसं, आणि १९ वर्षांनी न्यायालय म्हणालं की यांच्याविरुद्ध आरोप सिद्ध करता आलेला नाही. या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देऊ नये असं सर्वोच्च न्यायालयानं लगेच सांगितलं, पण सुटलेली माणसं सुटली. दुसरी बातमी २८ तारखेची. श्रीनगरजवळच्या डोंगरात तिघांना मारलं, आणि ते पहलगामचेच असल्याचं दुसऱ्या दिवशी संसदेत सांगण्यात आलं. डोंबिवलीच्या प्रश्नाचं उत्तर यायला तीन महिने लागले. क्षेपणास्त्रांनी दिलं नाही ते. जंगलात पावलं मोजत, संदेश पकडत, काडतुसं ताडून बघत कोणीतरी तीन महिने जे काम करत होतं त्यानं दिलं.

या दोन बातम्यांनी माझ्या डोक्यात तेव्हापासून ठाण मांडलं आहे. बॉम्ब ठेवलेल्या त्या सात पिशव्या कोणाच्या होत्या, हे आम्हाला १९ वर्षांत ठामपणे सांगता आलं नाही. त्या बारा जणांनी ते केलं असेल तर आपल्याला ते सिद्ध करता आलं नाही. त्यांनी केलं नसेल, तर त्यांची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली, एक जण तर निकाल लागायच्या आधी तुरुंगातच मेला, आणि ज्यांनी केलं ते अजून कुठेतरी चहा पीत बसले असतील. लढाईला आपण पंधरा दिवसांत तयार होतो. तिच्यासाठी आई खिडक्या मोजते, डोंबिवली पेढे आणते, मी तावातावानं बोलते. हळू चालणाऱ्या कामासाठी मी कधी तावातावानं बोलले? पोलिसाला चांगली प्रयोगशाळा मिळावी, साक्षीदाराला संरक्षण मिळावं, खटला दोन वर्षांत संपावा, मारहाण करून घेतलेला कबुलीजबाब कोणी पुढे करू नये, यासाठी आमच्या डब्यात आजवर एकदाही आवाज चढलेला नाही. मुलुंडच्या स्फोटाच्या खटल्याचा निकाल २०१६ मध्ये लागला. मी त्याच्या मागच्या गाडीत होते, आणि तरीही तो लागल्याचं मला वर्षभरानं कळलं.

२६/११ नंतर आपण गप्प बसलो, असं मी त्या संध्याकाळी म्हटलं. ते खरं नव्हतं. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळेंनी बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या पोटात घेतल्या, म्हणून कसाब जिवंत हाती लागला. तो जिवंत होता म्हणून कराचीतल्या बोटीपासून फोनवरच्या सूचनांपर्यंत सगळं जगासमोर मांडता आलं, पाकिस्तानलाही तो आपला नागरिक असल्याचं कबूल करावं लागलं. त्याला वकील दिला, खटला चालवला, चार वर्षांनी फाशी दिली. तेव्हा मीही म्हणत होते, बिर्याणी कसली घालताय त्याला, चौकात उभं करा. आज वाटतं, पहलगामनंतर आपल्याकडे असा एक जिवंत माणूस असता तर आपण जगाला किती वेगळं काही दाखवू शकलो असतो.

मग लढायचंच नाही का? मी ते म्हणू शकत नाही. मुरीदकेत, बहावलपुरात जे चालतं ते आपण निषेधाची पत्रं पाठवून थांबणार नाही हे मला कळतं. मे महिन्यातल्या त्या माऱ्यानं पुढचा एखादा हल्ला टळलाही असेल. न झालेल्या हल्ल्यांची मोजदाद कोण करणार? नोव्हेंबरात दिल्लीत लाल किल्ल्याजवळ गाडी फुटली तेव्हा नर्सबाईनं माझ्याकडे पाहिलं, बोलली काहीच नाही. मी म्हटलं, “लढाई झाली नसती तर आणखी झाले असते कदाचित.” ती म्हणाली, “कदाचित.” आमच्या दोघींच्या वादाचं एवढंच उरलं आहे, एक कदाचित. पण एक मला पक्कं ठाऊक झालं आहे. बॉम्ब ठेवणाऱ्याला माणसं मारायची असतातच, त्याहून जास्त त्याला आमच्या नजरा हव्या असतात. प्रश्न कानावर पडताच, उत्तर शोधण्याआधी, माझे डोळे अर्ध्या सेकंदात ज्या कोपऱ्यात जाऊन निकाल देऊन मोकळे झाले, तेवढी घाई त्याला पुरते. ती बगदादला पुरली. ती माझ्यापाशीही आहे, मी किसननगरची, फिटरची मुलगी, शिकलेली, पुस्तकं वाचणारी. आणि समोरची बाई तो प्रश्न येण्याआधीच उत्तर देते, म्हणजे तिला तो कितीदा विचारला गेला असेल, तोंडानं नाही तर नुसत्या डोळ्यांनी.

ऑगस्टमध्ये ती मला पुन्हा दिसली. धो धो पावसाचा दिवस, गाड्या उशिरानं, डब्यात पाय ठेवायला जागा नाही. खिडक्या बंद, ओल्या छत्र्यांचा आणि ओल्या कपड्यांचा वास. मला बसायला मिळालं होतं. ती कोपरखैरण्याला चढली, गर्दीनं ढकलत ढकलत माझ्या समोर येऊन उभी राहिली. पोर आता तिच्या पायाशी उभं, तिच्या बुरख्याची कड मुठीत धरून. खांद्यावर भरलेली कापडी पिशवी, तळाशी ओली झालेली, पट्टा खांद्यात रुतत होता. तिनं मला ओळखलं असं तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. ओळखण्याचं कारणही नव्हतं. माझ्यासारखे चेहरे तिनं किती पाहिले असतील. पोराला मी माझ्या आणि शेजारणीच्या मध्ये जागा करून दिली, ते लगेच बसलं. मग उभ्या बाईची पिशवी बसलेली बाई मांडीवर घेते, तसा मी हात पुढे केला.

“द्या ती इकडे. जड आहे.”

तिनं पट्टा मनगटाला आणखी एक वेढा दिला.

“राहू दे,” ती म्हणाली. “माझीच हाय.”

घणसोली गेलं, रबाळे गेलं. पोरानं माझ्या दंडाला डोकं टेकलं आणि झोपून गेलं. ती ठाण्यापर्यंत तशीच उभी होती.